मी बदललेल्या जिवाणूचं पेटंट घ्यायला निघालेत, सही करू का?

पत्र:

ताई, मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सांडपाण्याच्या गाळातून वेगळा केलेला एक स्यूडोमोनास जिवाणू घेऊन मी त्यात बाहेरून एक प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, घातलं, आणि आता तो कारखान्याच्या पाण्यातला फिनॉल हा विषारी पदार्थ आधीपेक्षा कितीतरी वेगात संपवतो. गाइड खूश आहेत. संस्थेच्या टेक ट्रान्सफर ऑफिसकडून, म्हणजे पेटंट आणि लायसन्स बघणाऱ्या ऑफिसकडून, फॉर्म आलाय, त्यात मी इन्व्हेंटर आणि सगळे हक्क संस्थेला असाइन करते, म्हणजे देऊन टाकते, असं लिहिलंय, आणि त्यावर सही मागतायत. पण माझा हात धजत नाहीये. जिवंत गोष्टीचा मालक कुणी कसं होऊ शकतं? तो जिवाणू 'मी बनवला' म्हणायलाही जीभ रेटत नाही, मी थोडंसं बदललं, बाकी सगळं त्याचंच आहे. आणि तो गाळ तरी कुठे माझा होता? वर आमच्याच ग्रुपमध्ये एक ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचं जीन घातलेला, उंदीर तयार होतोय, त्यात थोडं काम माझंही आहे, त्याच्या पेटंटवरही नाव टाकूया म्हणतायत. मैत्रीण म्हणते सही करून टाक, सीव्हीला बरं दिसतं. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला पोस्टर आहे, अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचाय. मी उगाच जास्त विचार करतेय का?

उत्तर:

अगं, उगाच अजिबात नाही. मी पेटंट लिहिण्याच्या कामात बरीच वर्षं काढलीत आणि सही करताना हा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटतात. बहुतेकांना तो सुचतो पेटंट मिळून, लायसन्स देऊन, सगळं हातातून गेल्यावर.

पण आधी घाईचं बोलते. तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट थांबव. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि नवा म्हणजे अर्ज करायच्या दिवसापर्यंत जगात कुठेच उघड न झालेला. कॉन्फरन्सच्या पुस्तिकेत छापलेल्या चार ओळी, भिंतीवर लावलेलं पोस्टर, लायब्ररीत गेलेली थिसिस, यातलं काहीही तुझ्याच अर्जाच्या आड येऊ शकतं. अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतःच उघड केलेल्या गोष्टीसाठी एक वर्षाची सवलत आहे, युरोपात ती जवळजवळ नाहीच. तू शेवटी सही करशील किंवा करणार नाहीस, तो निर्णय विचार करून व्हायला हवा, पोस्टरमुळे आपोआप होऊन जायला नको. ऑफिसला सांग की आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. तो टाकला की पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, पोस्टरही लावता येतं आणि तुला विचार करायला वेळही मिळतो.

आता मालकीचं. पेटंटने तो जिवाणू कुणाच्या मालकीचा होत नाही, निदान आपण घर किंवा सायकल मालकीची म्हणतो त्या अर्थाने तरी नाही. तुमच्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशीला ठेवलेल्या त्या व्हायल्स आजही संस्थेच्याच आहेत, पेटंट असो नसो, त्याबद्दल कुणाला कधी काही वाटलेलं नाही. पेटंट देतं ते फक्त एक, साधारण वीस वर्षं दुसऱ्यांना थांबवायचा हक्क. दुसरा कुणी तसा जिवाणू बनवायला, वापरायला, विकायला लागला तर त्याला 'थांब' म्हणता येतं. तुला स्वतःला तो वापरायची परवानगीही पेटंट देत नाही. तो जिवाणू नाल्यात किंवा प्लँटमध्ये सोडायचा असेल तर जैवसुरक्षेच्या वेगळ्या परवानग्या लागतात आणि पेटंट हातात असूनही त्या नाकारल्या जाऊ शकतात. हे एवढ्यासाठी सांगतेय की तुझा प्रश्न 'जिवाचा मालक कोण' असा ठेवलास तर तो इतका मोठा होतो की त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, आणि ऑफिसातला माणूसही हसून म्हणतो अहो मालकी नाहीच ही, करा सही. खरा प्रश्न आहे की या कागदाने कोणाला थांबवलं जाणार आणि कशापासून. याचं उत्तर मात्र देता येतं, आणि त्यावर तुझा हातही चालतो.

जिवंत गोष्टीवर पेटंट ही कल्पना तशी जुनी आहे. लुई पाश्चरला १८७३ साली अमेरिकेत रोगजंतूंपासून मुक्त अशा यीस्टवर पेटंट मिळालं होतं. पण आपण आज ज्या रस्त्यावर उभे आहोत तो रस्ता सुरू होतो आनंद मोहन चक्रवर्ती यांच्यापासून, आणि गंमत बघ, तोही स्यूडोमोनासच होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना त्यांनी खनिज तेलाचे वेगवेगळे घटक पचवणारी प्लास्मिड्स एकाच जिवाणूत आणली आणि १९७२ साली अर्ज केला. त्या अर्जात तीन तऱ्हेचे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारी कलमं, होते, हे नीट बघ कारण तुझ्या अर्जातही असेच येतील. एक, तो जिवाणू तयार करायची पद्धत. दोन, पाण्यावर तरंगणाऱ्या गवतकाडीसारख्या माध्यमावर तो जिवाणू लावून केलेलं मिश्रण. तीन, तो जिवाणूच. परीक्षकाने पहिले दोन मान्य केले आणि तिसरा नाकारला, जिवंत वस्तूवर पेटंट नाही म्हणाला. तिथून भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८० साली पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की वस्तू जिवंत आहे की निर्जीव हा मुद्दाच नाही, ती निसर्गाची आहे की माणसाने केलेली हा मुद्दा आहे. विरोधातल्या चार न्यायाधीशांचं म्हणणं होतं की एवढा मोठा निर्णय संसदेने घ्यायला हवा, कोर्टाने जुन्या कायद्याचे शब्द ताणून नव्हे. मला अजूनही त्या चौघांची बाजू जास्त पटते. जिवाणूवर पेटंट नकोच असं मी म्हणत नाही, पण एका मताच्या फरकाने जे दार उघडलं त्यातून पुढे काय काय आत येणार याचा विचार त्या खटल्यात कोर्टाला करायचाच नव्हता. कोर्टाने स्पष्टच सांगितलं की धोक्यांचा विचार आमचं काम नाही. आणि तो तेल खाणारा जिवाणू? तो समुद्रातल्या तेलगळतीवर कधी वापरलाच गेला नाही. पेटंट मिळालं, जग बदललं, जिवाणू फ्रीझरमध्ये राहिला.

त्यानंतर जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा ट्रिप्स करार आला, १९९५ पासून लागू झाला. त्यात असं ठरलं की सूक्ष्मजीवांना पेटंट सगळ्या सदस्य देशांनी द्यायचं, वनस्पती आणि प्राणी वगळायचे असतील तर वगळा. भारताने वगळले. आपल्या पेटंट कायद्यातल्या कलम ३(जे)मध्ये झाडं, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं, जाती सगळं बाहेर ठेवलंय, सूक्ष्मजीव तेवढे आत. आणि निसर्गात सापडलेला जीव, कितीही मेहनतीने शोधलेला असला तरी, कलम ३(सी)मुळे बाहेर. म्हणजे गाळातून तू जो मूळ स्यूडोमोनास वेगळा केलास त्यावर पेटंट नाही, बदललेल्यावर होऊ शकतं.

इथे तुझ्या 'जीभ रेटत नाही'कडे येते. तुझी ही भावना बरोबर आहे आणि कायदाही काही प्रमाणात तुझ्याच बाजूने बोलतो, फक्त लोक ते क्लेममध्ये उतरवत नाहीत. मिरियड कंपनीचा खटला तुला माहीत असेलच, स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीए १ आणि २ ही जीन्स. शरीरातून वेगळं काढलेलं जीन म्हणजे आमचा शोध, असं म्हणून त्यांनी पेटंट घेतली होती, आणि अमेरिकेत ती टेस्ट बाकी कुणाला करू देत नव्हते. बाईला रिपोर्टची खात्री दुसऱ्या लॅबमधून करून घ्यायची असेल तर दुसरी लॅबच नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की निसर्गात आहे ते नुसतं कापून वेगळं काढलं म्हणून ते तुमचं होत नाही, प्रयोगशाळेत तयार केलेलं सीडीएनए, म्हणजे जीनमधला फक्त कामाचा भाग ठेवून बनवलेली डीएनएची प्रत, मात्र चालेल. निकालाच्या दिवशीच दुसऱ्या लॅब्जनी आम्हीही टेस्ट करतो म्हणून जाहीर केलं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानेही मिरियडच्या विरोधातच निकाल दिला. त्या सगळ्या मधल्या वर्षांत किती जणींना एकाच रिपोर्टवर ऑपरेशनचा निर्णय घ्यावा लागला असेल, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

म्हणून फॉर्मच्या आधी ड्राफ्ट माग. इन्व्हेंटर म्हणून तो बघायला मागणं रास्तच आहे, आणि क्लेम नंबर एक शांतपणे, एकेक शब्द वाच. तिथे तुझा स्ट्रेन, तुझं प्लास्मिड, तू केलेला बदल लिहिलाय, की 'फिनॉल विघटन करणारा कोणताही जनुकीय बदल केलेला जिवाणू' असं लिहिलंय? दुसरं असेल तर ते तू केलेलंच नाहीये. वकील रुंद लिहिणार, त्याला तेच शिकवलेलं असतं, परीक्षक कापेल तेव्हा कापेल असा हिशोब असतो. हार्वर्डच्या ऑन्कोमाउसचा अमेरिकेतला क्लेम बघ, १९८८ चं पेटंट. बनवला होता उंदीर, कॅन्सर होईल असं जीन घातलेला. क्लेम केला मनुष्य सोडून प्रत्येक सस्तन प्राण्यावर, ज्याच्यात किंवा ज्याच्या पूर्वजात गर्भावस्थेत ते जीन घातलंय अशा. उंदीर हातात आणि हक्क हत्तीपर्यंत. आणि 'पूर्वजात' हा शब्द तर बघच, म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्या आत. जे तू केलंस तेवढंच माग, हे गाइडला स्पष्ट सांगायची हिंमत कर, कारण सायन्स तुला कळतं, वकिलाला तू सांगशील तेवढंच कळतं.

आता पिढ्यांचा विषय निघालाच आहे तर तोच माझ्या मते या सगळ्यातला खरा गुंता आहे, जीव पवित्र आहे की नाही यापेक्षाही. नेहमीच्या वस्तूचं कसं असतं, पेटंट असलेला पंप तू विकत घेतलास की त्या पंपावरचा कंपनीचा हक्क संपला, वापर, दुरुस्त कर, विकून टाक. पण पंप स्वतःसारखा दुसरा पंप घालत नाही. जीव घालतो. मग विकलेल्या बियाण्यावरचा हक्क संपला, पण त्यातून उगवलेल्याचं काय? अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या बोमन नावाच्या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून सरसकट विक्रीचं सोयाबीन घेतलं, पेरलं, तणनाशक फवारलं, जे टिकलं त्याचं बी राखून पुन्हा पेरलं. बहुतेक दाणे मोन्सँटो या बियाणं कंपनीचं, तणनाशक सहन करणारं जीन असलेलेच होते. तो म्हणाला मी बाजारातून विकत घेतलंय आणि सोयाबीन उगवणारच, तो त्याचा धर्म आहे. २०१३ सालीच सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला, नव्या पिढीचं बी म्हणजे नवी प्रत, आणि प्रत काढायचा हक्क विकलेला नव्हता. कॅनडात श्मायझर या शेतकऱ्याच्या खटल्यात २००४ साली साधारण तसंच झालं, तिथे तर आख्खं झाड पेटंटच्या बाहेर आहे, तरी कोर्ट म्हणालं की झाडातलं जीन आणि पेशी पेटंटमध्ये आहेत आणि झाड लावलं म्हणजे ते वापरलंच, फक्त त्यातून जास्तीचा फायदा झाला नव्हता म्हणून पैसे द्यायला लावले नाहीत. भारताने मात्र २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क ठेवला, ब्रँड लावून विकता येत नाही एवढंच. माझ्या दृष्टीने पेटंट आणि जीव यांच्या वादात कुठल्याही कायद्याने टाकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे.

तुझ्या जिवाणूला हे कसं लागू होतं बघ. तू बसवलेलं प्लास्मिड आहे. प्लास्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतं, हे तू मला शिकवशील. समजा उद्या एका कारखान्याने लायसन्स घेऊन तुझा जिवाणू टाकीत सोडला, तिथून ते पाणी पुढे गेलं, आणि खालच्या अंगाला दुसऱ्या कुणाच्या टाकीतल्या गाळात तुझं प्लास्मिड सापडलं. त्या माणसाने काही केलेलं नाही. त्याला नोटीस जाणार का? पेटंटच्या भंगासाठी हेतू असावाच लागतो असं नाही, त्यामुळे 'असं कुणी करणार नाही' यावर विसंबू नकोस, लेखी घे. अमेरिकेत सेंद्रिय शेतकऱ्यांच्या संघटना याच भीतीने मोन्सँटोविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, २०१३ साली अपील कोर्टाने त्यांचा दावा चालवला नाही पण कंपनीने दिलेलं आश्वासन, की शेतात किरकोळ प्रमाणात आमचं जीन आलं तर खटला करणार नाही, ते कंपनीवर बंधनकारक आहे असं नोंदवलं. म्हणजे अशा लेखी शब्दाला कोर्टात वजन असतं. तुझ्या संस्थेने आपल्या लायसन्समध्ये हे पहिल्या दिवशीच लिहावं, की आपोआप पसरलेल्या जिवाणूसाठी किंवा प्लास्मिडसाठी कुणावर कारवाई नाही. हे मागणारी तू कदाचित पहिलीच असशील. माग.

आता सहीबद्दल खरं सांगते. असाइनमेंटवर सही केलीस की लायसन्स कोणाला द्यायचं, केवढ्याला, कोणत्या अटींवर, यात तुझा शब्द कायद्याने उरत नाही. नाव राहतं, संस्थेच्या नियमांप्रमाणे वाटा मिळतो. आणि सही नाकारून फार काही अडेल असंही समजू नकोस, पीएचडीला प्रवेश घेताना सही केलेल्या नियमावलीत बहुतेक वेळा शोधाचे हक्क संस्थेचे असं आधीच लिहिलेलं असतं. तुझी ताकद आहे ती सहीच्या आधीच्या या दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा त्यांना तुझं सहकार्य हवंय, ड्राफ्टला माहिती हवीय, डेटा हवाय. तेव्हा बोल, आणि ईमेलवर बोल.

काय बोलायचं? लायसन्स एकालाच देऊ नका, हे पहिलं. मिरियडमध्ये जे झालं ते जीन पेटंट झालं म्हणून जेवढं झालं त्याहून जास्त ते एकाच्याच मुठीत राहिलं म्हणून झालं. याच्या उलट कोहेन आणि बोयर यांचं रिकॉम्बिनंट डीएनएचं, म्हणजे वेगवेगळ्या जिवांचं डीएनए जोडायच्या तंत्राचं, पेटंट बघ, म्हणजे ज्या तंत्रावर तुझी आख्खी पीएचडी उभी आहे ते. तेही पेटंटच होतं, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. पण त्यांनी मागेल त्याला परवडेल अशा दराने लायसन्स दिलं, ४६८ कंपन्यांनी घेतलं, विद्यापीठांना भरपूर पैसा मिळाला, आणि १९९७ साली पेटंट संपलं तेव्हा बायोटेक नावाचा आख्खा उद्योग उभा होता. दोन्हीकडे कायदा एकच होता, लायसन्स वेगळं होतं.

दुसरं, संशोधनासाठी तुझा स्ट्रेन कुणीही मागितला तर फुकट मिळावा आणि त्यातून त्यांना जे सापडेल त्यावर आपण हक्क सांगायचा नाही. ऑन्कोमाउसच्या बाबतीत त्याचं लायसन्स असलेल्या ड्यूपाँट कंपनीने नेमकं याच्या उलट केलं होतं, उंदीर वापरून पुढे जे निघेल त्यातही वाटा मागत होते, शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला मध्ये पडून ना-नफा संशोधनासाठी करार करावा लागला. आपल्या कायद्यात संशोधनासाठी वापराला सूट आहे, अमेरिकेत २००२ च्या एका निकालानंतर ती नावापुरतीच राहिलीय, म्हणून लेखी बरं. तिसरं, सार्वजनिक सांडपाणी प्रकल्पांना फी नको किंवा नाममात्र. असं करता येतं, गोल्डन राइस, म्हणजे जीवनसत्त्व अ साठी जीन घातलेला तांदूळ, याच्या बाबतीत वर्षाला दहा हजार डॉलरच्या खाली उत्पन्न असलेल्या शेतकऱ्यांना फुकट आणि बी राखायची मुभा असं लायसन्सच केलं गेलं, आणि त्यात बड्या कंपन्यांची पेटंट गुंतलेली होती. आणि कंपनीने लायसन्स घेऊन नुसतंच कपाटात ठेवलं तर ठराविक वर्षांनी ते परत यावं, हेही. सगळं मिळणार नाही. दोन मिळाले तरी पुष्कळ आहे.

गाळाचा प्रश्न तू ओझरता विचारलास पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्रात, रोज वापरतेस ते टॅक पॉलिमरेज नावाचं एन्झाइम, ते थर्मस अॅक्वाटिकस नावाच्या जिवाणूतून आलं, आणि तो जिवाणू १९६६ साली यलोस्टोन नॅशनल पार्कच्या गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने गोळा केला होता. ब्रॉक यांनी तो सरळ सार्वजनिक संग्रहात ठेवला, कुणीही घ्या. पुढे पीसीआरची पेटंट ३० कोटी डॉलरना विकली गेली. पार्कला काहीच मिळालं नाही. त्यानंतर जगाला थोडी जाग आली, आता जैविक संपत्तीच्या फायद्यात ती जिथून आली त्यांनाही वाटा देण्याचा नागोया प्रोटोकॉल आहे, भारतात जैवविविधता कायदा आहे आणि पेटंटच्या अर्जात जैविक सामग्री कुठून आणली हे लिहावं लागतं, जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही त्याला जोडलेली आहे. तुमच्या अर्जात तो गाळ कुठला हे खरं आणि नेमकं लिहिलंय का ते तू स्वतः तपास, कारण नमुना आणायला गेली होतीस तू, ऑफिसातला माणूस नव्हे. ज्यांच्या प्रकल्पातून गाळ घेतला त्यांना पेटंट होतंय हे कुणी कळवलंय का? नसेल तर तू कळव. फुकट वापराच्या यादीत पहिलं नाव त्यांचं असू शकतं.

आणखी एक गोष्ट आहे जी तुला आवडेल असं वाटतं. यंत्राचं पेटंट घेताना चित्र आणि वर्णन पुरतं. जिवाणूचं शब्दांत कितीही वर्णन केलं तरी दुसरा माणूस ते वाचून तो जिवाणू बनवू शकेल याची खात्री नसते, म्हणून १९७७ च्या बुडापेस्ट कराराप्रमाणे तो जिवाणूच मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, त्याला नंबर मिळतो, आणि संग्रहाने तो निदान तीस वर्षं जिवंत ठेवायचा असतो. नियमांत बसणाऱ्या कुणालाही त्याचा नमुना मागता येतो. पेटंट वीस वर्षांत संपतं, जिवाणू त्यानंतरही सगळ्यांसाठी तिथे असतो. पेटंट न घेता नुसतं गुपित ठेवलं तर यातलं काहीच होत नाही. त्यामुळे 'पेटंट नको' म्हणजे आपोआप 'सगळ्यांचं' असं नसतं. तुला खरंच सगळ्यांचं करायचं असेल तर आत्ताच पूर्ण पेपर छापून, स्ट्रेन संग्रहात देऊन टाकणं हा तिसरा रस्ताही आहे, ब्रॉक यांचा. तो संस्थेला विचारल्याशिवाय एकटीने घेऊ नकोस, पण टेबलावर जरूर ठेव.

माझं मत विचारशील तर जिवाणूच्या बाबतीत, क्लेम आखूड आणि वरच्या अटींपैकी महत्त्वाच्या दोन लेखी, तर सही कर. जिवाणूला वेदना नाही, त्याला पेटंटने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो माणसांना, आणि तो तू बऱ्यापैकी नीट करू शकतेस.

उंदराचं वेगळं आहे. तिथे पेटंटच्या आधी एक प्रश्न आहे, तो प्राणी दुखणं घेऊनच जन्माला येणार आहे आणि ते दुखणं आपण त्याच्यात घातलंय. युरोपात ऑन्कोमाउसच्या वेळी हे उघडपणे तराजूत घातलं गेलं, एका बाजूला प्राण्याच्या वेदना आणि पर्यावरणाचा धोका, दुसऱ्या बाजूला माणसाला होणारा उपयोग. कॅन्सरच्या संशोधनासाठी पारडं उपयोगाकडे झुकलं, तरी भांडण २००४ पर्यंत चाललं आणि शेवटी हक्क फक्त उंदरांपुरता उरला. टक्कल पडण्यावरच्या संशोधनासाठी बनवलेल्या उंदराला मात्र त्याच तराजूवर पेटंट देता येणार नाही असं कळवलं गेलं. १९९८ पासून हे युरोपच्या निर्देशातच लिहिलंय. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००२ साली उंदीर मुळातच नाकारला, पाच विरुद्ध चार, आणि भारतात प्राण्यावर पेटंट नाहीच. अमेरिकेत मिळतं, तिथे असं काही तोलत नाहीत, २०११ साली फक्त मानवी जीवावर पेटंट नाही एवढं कायद्यात घातलं.

तुमच्या ग्रुपला विचार की हा उंदीर नेमक्या कोणत्या आजारासाठी आहे, त्याला काय भोगावं लागतं, आणि जे कळणार आहे ते पेशींवर किंवा आधीच उपलब्ध असलेल्या उंदरांवर कळणार नाही का. याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर नाव काढून घे. पण एक लक्षात ठेव, खरोखर शोधाला हातभार लावला असेल तर इन्व्हेंटर म्हणून नाव वगळल्याने पेटंटच अडचणीत येऊ शकतं, त्यामुळे नुसतं 'माझं नाव नको' म्हणून भागणार नाही, कामातूनच बाजूला व्हावं लागेल, आणि ते तुझा हातभार शोधाच्या गाभ्यापर्यंत पोचायच्या आत. आज तो 'थोडा' आहे असं तू म्हणतेस. त्या ग्रुपची पुढची मीटिंग कधी आहे ते बघ आणि हे तिथेच बोल.